तांबड्या गाडीतली रिकामी जागा

१

मालक नदीत गेला आणि सापडलाच नाही, अशी एक गाडी बघायला आपण साताऱ्याला निघालोय, हे कृष्णातानं मला कऱ्हाड मागं पडल्यावर सांगितलं. एस.टी.त बसायच्या आधी सांगितलं असतं तर मी सांगलीतून हललोच नसतो.

कृष्णात माझा भाचा. साखर कारखान्यात केमिस्ट. घर सांगलीत आणि कारखाना नदीपलीकडं, त्यामुळं रोजची ये-जा. घरात बायको राही, दोन लेकरं आणि त्याची आई, म्हणजे माझी बहीण साळू. एवढ्या बारदानाला चार दारांची थोराड गाडी बघावी, तर याच्या मनात विलायती, दोन दारांची, कापडी छपराची गाडी भरलेली. कॉलेजात असताना पुण्यात तशी एक बघितली होती, तेव्हापासूनचं खूळ. पेट्रोल महागल्यापासून असल्या गाड्या लोक काढून टाकत होते, म्हणून आत्ताच घ्यायची म्हणाला. माझी नोकरी फौजेत गाड्यांवरच झाली, हवालदार होऊन घरी आलो, म्हणून मला बरोबर घेतलं. राही आली होती ती नको म्हणायला.

गाडी सदर बझारातल्या एका बंगल्यामागं पत्र्याच्या शेडमध्ये होती. दाखवायला आप्पासो आले. मालक मानसिंगराव हे त्यांचे थोरले भाऊ, फौजेतून कॅप्टन होऊन आलेले. आप्पासोंनी हकीकत थोडक्यात सांगितली. गेल्या वर्षी भाद्रपदात, धो धो पावसात, मानसिंगराव एकटेच गाडी घेऊन बाहेर पडले. सकाळी गाडी माहुलीच्या अलीकडं कृष्णेच्या पात्रात नाक खुपसून उभी होती. छपर उघडं, आत कोणी नाही. पार सांगलीपर्यंत माणसं घालून शोधलं. शेवटी पळसाच्या पानांचा पुतळा करून दिवस घातले.

सांगलीपर्यंत म्हटल्यावर राहीनं माझ्याकडं बघितलं. ते पाणी आमच्या घाटावरून गेलं होतं.

गाडी दुरुस्त करून वाईच्या एका व्यापाऱ्याला विकली होती. त्यानं महिन्याच्या आत परत आणून लावली. त्याची बायको म्हणाली, मागं बसलं की मानेला ओला कपडा लागतो, आणि नदी जवळ आली की गाडी आपोआप हाका मारायला लागते.

"बायकांचं काय," आप्पासो हसले. "तुमी बघा की."

राहीनं डावं दार उघडलं आणि तशीच थांबली. समोरच्या लाकडी फळीवर हाताच्या तळव्याएवढी एक चौकोनी जागा बाकीच्या लाकडापेक्षा फिकी होती. तिथं पूर्वी काहीतरी बसवलेलं असणार. आता तिथं काहीच नव्हतं. पण त्या रिकाम्या जागेवर हळद-कुंकू वाहिलेलं होतं, आणि खाली शेवंतीचं फूल. कुंकू अजून ओलं होतं.

आप्पासोंचं हसू गेलं. "शेडची किल्ली माझ्यापाशी असती," ते म्हणाले.

२

त्या जागी यमाईचा टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली देवीची मूर्ती. आमच्याकडं घरोघर देव्हाऱ्यात असते. मानसिंगराव फौजेत गेले तेव्हा आईनं हा टाक वेगळा करून त्यांच्या खिशात घातला होता. दोन लढाया तो त्यांच्या छातीवर राहिला. गाडी घेतल्यावर त्यांनी तो चार कोपऱ्यांना भोकं पाडून फळीवर बसवला. त्यावरून घरात मोठा वाद झाला होता.

"देवीला भोकं पाडल्यावर दुसरं काय हुनार?" आप्पासो म्हणाले. "भोकं पडलेला टाक देव्हाऱ्यात चालत न्हाई. नदीनं नेला त्ये बरंच झालं."

राही मात्र गाडीला घराच्या मापानं मोजायला लागली होती. मागच्या बाकावर तिनं मला बसायला लावलं. माझे गुडघे हनुवटीला लागले. लेकरं मावतील, पण सासूबाई इथं बसल्या तर उतरवायला क्रेन लागेल, असं ती म्हणाली. मागच्या डिकीत ज्वारीचं पोतं जाईल का, पावसात दप्तरं भिजतील का, कारखान्याच्या चाकोरीत बूड घासेल का, असं एकेक विचारत गेली. कृष्णात प्रत्येकाला "जमंल की" म्हणत होता. मागच्या बाकाच्या गादीला हात लावला तर खरंच ओल होती. मी वर चाचपलं. छपराच्या शिवणीत बोट जाईल एवढी फट होती. मानेला लागणारा ओला कपडा तो हाच. मला जरा हायसं वाटलं.

मग राहीनं विचारलं, "मामा, पाण्याच्या लोंढ्यानं टाक उपटला, तर हे स्क्रू कसे राहिले?"

मी वाकून बघितलं. फिक्या चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना चार स्क्रू होते, भोकांत शेवटपर्यंत पिळून बसवलेले. लाकूड कुठं तडकलेलं नव्हतं, आणि दुरुस्तीत फळीला कोणी हात लावला नव्हता, असं आप्पासो म्हणाले. नदी काही स्क्रू काढून, देवी उचलून, पुन्हा स्क्रू जागच्या जागी बसवत नाही. गाडी पाण्यात जायच्या आधी कोणीतरी सावकाश बसून ते केलं होतं.

३

गाडी चालवून बघायला आम्ही माहुलीकडं निघालो. ऊन चांगलं होतं, म्हणून कृष्णाताला छपर उघडायची हौस आली. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडायच्या, कापडाच्या घड्या घालायच्या, मागची प्लॅस्टिकची काच मुडपू नये म्हणून मध्ये फडकं ठेवायचं, वरून खोळ चढवायची आणि चामडी पट्टे आवळायचे. आम्ही दोघं घामाघूम झालो. राही रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली, "शाळेची वेळ झाली की हेच करत बसा."

नदीकडचा उतार लागला आणि हॉर्न वाजायला लागला. कृष्णाताचे दोन्ही हात चाकावर होते. हॉर्नला कोणी शिवलं नव्हतं. तरी तो वाजत राहिला; लांब, घसा बसलेल्या माणसानं कोणाला तरी पलीकडच्या काठावर हाक मारावी तसा. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यातली एक आमच्याकडं न बघता पाण्याकडं बघत होती.

मी उतरून बॉनेट उघडलं आणि तार ओढली तेव्हा तो थांबला. नदीत बुडालेल्या तारांचं वेष्टण सुटलं होतं. उतारावर त्या पुढं सरकून पत्र्याला टेकत होत्या. हे मी दोघांना समजावून सांगितलं. पण सांगताना माझाच आवाज मला पटत नव्हता, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

परत आल्यावर आप्पासोंना विचारलं, गाडी सापडली तेव्हा छपर फाटलं होतं की दुमडलेलं होतं.

"दुमडलेलं. खोळ चढवून, पट्टे आवळून. दादांचं काम लय टापटिपीचं."

धो धो पावसात कोण उतरतं आणि छपर दुमडून पट्टे आवळतं? ज्याला गाडी उघडी सापडायला हवी आहे तोच. बंद गाडीत माणूस नसला तर लोक विचारतात, कुठं गेला. उघड्या गाडीत नसला तर नदीनं नेला म्हणतात.

मी कृष्णाताला बाजूला घेतलं. म्हटलं, गाडीचं नंतर बघू. इथं कोणीतरी नदीच्या नावावर आपलं काम खपवलंय.

४

मानसिंगरावांच्या मागं त्यांची जमीन आप्पासोंकडं आली होती. पुतळा करून दिवस घालायची घाईही त्यांचीच. ड्रायव्हर अर्जुना मालकाशी भांडून त्याच आठवड्यात काम सोडून गेला होता. आणि तिसरी, सगळा सातारा जिच्याकडं बोट दाखवत होता ती मानसिंगरावांची बायको, सुलाबाई.

ती मागच्या खोलीत राहत होती. कपाळ मोकळं, पांढरं लुगडं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता; उंच, कान जरा पुढं आलेले, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडं. राही तिच्याजवळ जमिनीवर बसली. मी दारातच बसलो.

काही विचारायच्या आधीच ती बोलायला लागली. त्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालं होतं. ते कित्येक दिवस जेवत नव्हते, बोलत नव्हते, विचारलं की अंगावर येत होते. शेवटी ती म्हणाली, एकदाचं जावा तरी. मोलकरणीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गाडी नदीत सापडली. तेव्हापासून बाईनं नवऱ्याला नदीची वाट दाखवली, असं झालं. माहेरच्यांनी दिवाळीला बोलावणं बंद केलं. जाऊ हळदी-कुंकवाच्या दिवशी तिच्या खोलीला बाहेरून कडी घालते.

"लोकांचं जाऊ द्या, दादा," ती मला म्हणाली. "मला एवढंच कळू द्या, माझ्या बोलण्यानं ते गेले का. झोप लागत न्हाई. डोळं मिटलं की ओल्या पायांचा आवाज येतो, दारापर्यंत येतो आणि थांबतो."

राहीनं तिचा हात धरला आणि उलटा केला. बोटाच्या पेरावर लाल डाग होता.

सुलाबाईनं हात ओढून घेतला नाही. शेडची दुसरी किल्ली तिच्याजवळ होती. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, म्हणून ती चोरून जायची. "देवी सापडली असती तर निदान ती तरी घरी आली असती," ती म्हणाली. "आता नुसत्या जागंला वाहते."

बाहेर आल्यावर राही म्हणाली, "टाक हिनं काढला असता तर ही रिकाम्या लाकडाला कशाला पुजेल?"

तेच मीही म्हणत होतो. आणि आप्पासोंना तो टाक घरात नको होता. त्यांनी गाडी ढकलली असती तर देवीसकट ढकलली असती. राहिला अर्जुना.

५

अर्जुना दहिवडीकडं, आपल्या गावाबाहेर मेंढरं चारताना सापडला. धनगराचा गडी, पण बरीच वर्षं स्टेअरिंगवर काढलेली. मी फौजेतल्या गाड्यांवर होतो म्हटल्यावर त्यानं घोंगडं पसरलं. तांबड्या गाडीचं नाव काढलं तसा त्याचा चेहरा बदलला.

देवी तू काढलीस का, मी सरळ विचारलं.

"आवं, दुसऱ्याच्या कुळाची देवी न्हिऊन काय करू? आमचा बिरोबा हाय. तिचं कुळ सोडून ती माझ्या घरात बसंल व्हय? मागं लागंल."

मग भांडण कशावरून झालं? त्यानं बांधाकडं गेलेलं एक मेंढरू हाकलून आणलं. मग म्हणाला, आमची चुलती बनुबाई कशी मेली, त्ये ठाऊक हाय का तुमाला.

श्रावणात फलटणच्या रस्त्यावर, दिवस मावळताना, बनुबाई मेंढरं आडवी नेत होती. एक गाडी तिला उडवून निघून गेली, थांबली नाही. पोरांनी नुसता तांबडा रंग बघितला. त्या दिवशी मालक एकटेच गाडी घेऊन गेले होते. दोन दिवसांनी अर्जुनानं गाडी धुवायला घेतली, तर डावा मडगार्ड ठोकून नवा रंग मारलेला. आणि दिव्याच्या कड्यात घोंगड्याचे काळे धागे अडकलेले. आमच्या घरात ते घोंगडं माझ्या आजीनं विणलं होतं, तो म्हणाला.

"मी त्येंला म्हनलं, साहेब, मी तुमचं मीठ खाल्लंय. तुमी हून ठाण्यावर जावा. पुनवंपातूर वाट बघतो, न्हाईतर मी जातो." त्यानं हातातली काठी घोंगड्यावर टाकली. "आन त्ये नदीत गेलं. मेलेल्या मानसावर काय फिर्याद करू? चुलती गेली ती गेलीच. आन ह्यो जीव माझ्या बोलन्यानं गेला, हवालदार."

सुलाबाईचेच शब्द. एका माणसाच्या मरणाचं ओझं दोघं दोन घरांत बसून वाहत होते, आणि एकमेकांना ते ठाऊक नव्हतं.

दहिवडीच्या स्टँडवर चहा घेताना मी कृष्णात आणि राहीला सगळं पुन्हा मांडून सांगितलं. देवी ज्यानं काढली त्याला तिला बुडवायचं पाप नको होतं. म्हणजे ती त्याची स्वतःची देवी होती. आप्पासोंना ती नको होती, अर्जुनाच्या कुळाची ती नव्हती, सुलाबाईकडं ती नव्हती. स्क्रू परत बसवणारा हात टापटिपीचा. छपराचे पट्टे आवळणारा हातही तोच. गाडी उताराला लावायची, ब्रेक सोडायचा आणि चालत निघून जायचं.

कृष्णातानं बशी खाली ठेवली. "म्हणजे मानसिंगराव..."

राही त्याच्याही पुढं गेली होती. "मामा," ती हळूच म्हणाली, "टाकाला वर्षातून एकदा मूळ देवीच्या भेटीला न्यावंच लागतं की."

६

औंधच्या डोंगरावर यमाईच्या देवळात मी आधी एकटाच गेलो. पायऱ्या चढून धाप लागली होती. पुजाऱ्याला विचारलं, भेटीला आलेल्या टाकांत कोपऱ्यांना भोकं पडलेला टाक कधी बघितलाय का.

त्यानं लगेच मान डोलावली. गेल्या पौषात जत्रेच्या गर्दीत आला होता. देवीला खिळे मारले का म्हणून पुजारी रागावला, तर तो टाक आणणारा माणूस नुसता रडला.

यंदाच्या पौष पौर्णिमेच्या सकाळी मी आणि राही गाभाऱ्याच्या दाराशी बसून होतो. माणसं येत होती, फडक्यातून टाक काढून देवीच्या पायांशी ठेवत होती, भंडारा लावून पुन्हा गुंडाळत होती. दुपार कलायला लागली. मग एक उंच माणूस आला. दाढी वाढलेली, डोक्याला मफलर, अंगावर जुना फौजी कोट. त्यानं आतल्या खिशातून टाक काढला. चांदीच्या चारी कोपऱ्यांना चार भोकं. मफलर सरकला आणि पुढं आलेले कान दिसले.

हार घातलेल्या फोटोतला माणूस समोर श्वास घेत होता. भुताला मी भ्यालो नसतो एवढा त्याला भ्यालो.

"मानसिंगराव," मी म्हटलं.

तो दचकला नाही. बऱ्याच दिवसांपासून ऐकायची असलेली हाक ऐकावी तसा वळला. आम्ही देवळामागच्या तटाला टेकून उभे राहिलो. त्यानं काही नाकारलं नाही. कर्नाटकात कुठंतरी एका मळ्यावर राखणदार होता. बनुबाई रोज संध्याकाळी दिसते म्हणाला. रस्त्यावर नाही, जेवताना समोर बसलेली. ठाण्यावर जायचं धाडस नव्हतं आणि मरायचंही नव्हतं.

"दोन लढायांत पळालो न्हाई मी," तो म्हणाला. "एका म्हातारीपुढं पळालो."

मी त्याला सुलाबाईचं सांगितलं. मोकळं कपाळ, बाहेरून घातलेली कडी, झोप नाही, सगळं. तो ऐकून घेत होता. मला वाटलं आता हा मोडेल. त्यानं मान खाली घातली आणि विचारलं, "गाडी इकली का आप्पानं?"

राही पुढं झाली. ती म्हणाली, "आम्हीच घेणार होतो. पण माझी लेकरं त्यात बसणार नाहीत."

त्यानं टाक खिशात घातला. घरी सांगू नका, ती आता सावरेल, असं काहीतरी पुटपुटला आणि पायऱ्यांवरच्या गर्दीत शिरला. मी मागं धावलो, पण माझे गुडघे ते. खाली पोचेपर्यंत वाजंत्री, लेकरं, नारळ, माणसंच माणसं. तो दुसऱ्यांदा नाहीसा झाला, या वेळी माझ्या डोळ्यांदेखत.

७

उतरताना मी राहीला म्हटलं, सांगावं का नाही, मला कळत नाही. सांगितलं तर बाईच्या डोक्यावरचा कलंक जातो, पण नवरा जिवंत असून टाकून गेला हे कपाळी येतं. आणि आप्पासो ताब्यात आलेली जमीन सहजी सोडणार नाहीत. ती जिवंत नवऱ्याची बायको ठरली तर त्यांना पहिली अडचण तिचीच.

"तिनं एकच विचारलं होतं," राही म्हणाली. "माझ्या बोलण्यानं गेले का. तेवढं उत्तर तिचं आहे. ठेवून घेणारे आपण कोण?"

मी सांगितलं. सुलाबाईला, जेवढं बघितलं तेवढं, न वाढवता. बनुबाईचंही सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, त्या म्हातारीला मागं कोण कोण हाय. पुतण्या आहे, अर्जुना, मी म्हटलं. आणि तो समजतोय की साहेबांना त्यानं मारलं.

ती उठली, भिंतीवरच्या फोटोचा हार काढला आणि फोटो तसाच राहू दिला. मग म्हणाली, "चला."

आप्पासो अंगणात आडवे आले. घरची अब्रू, भावाचं नाव, बाहेर पडलीस तर आत यायची वाट नाही, असं बरंच बोलले. ती त्यांच्या बाजूनं निघून गेली. त्यांना वाट देण्यासाठी थांबली नाही, हे अंगणातल्या सगळ्यांनी बघितलं.

ठाण्यात फौजदार तरुण होता. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बाईंना बोलायचंय. तिनं सगळं सांगितलं. फलटणचा रस्ता, मडगार्डाचा रंग, उघडं छपर, औंधचा टाक. सांगताना प्रत्येक वेळी ती "त्यांनी" म्हणत होती. तिच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच, लग्नातलं.

फौजदार लिहिता लिहिता थांबला. "त्यांनी म्हणजे कोणी? नाव सांगावं लागेल, बाई. नाहीतर याला अर्थ नाही." मग जरा अवघडून माझ्याकडं वळला. "तुम्ही सांगा, हवालदार."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुलाबाईनं हात वर करून मला थांबवलं. तिनं पदर सावरला, मान ताठ केली आणि शेजारच्या खोलीतल्या शिपायालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मानसिंग."